मदत हवी आहे : २१ नोव्हेंबरला आईसोबत व्हेनिस, तिचे गुडघे आणि तिथले पूल

नमस्कार मंडळी,

यंदा आईला घेऊन व्हेनिसला जायचं ठरतंय. तारीख तिनेच धरून ठेवली आहे, २१ नोव्हेंबर, सालुतेच्या मारियामातेचा सण. १६३० साली प्लेगने शहर ओस पडत चाललं, तेव्हा साथ हटली तर मातेचं चर्च बांधू असा तिथल्या दोजेने, म्हणजे राज्यप्रमुखाने, नवस बोलला. लोंगेना या वास्तुविशारदाने ते सालुतेचं चर्च ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्याच्या तोंडाशी बांधलं. अजूनही सणाला कालव्यावर तात्पुरता पूल टाकतात आणि गावातली माणसं त्यावरून जाऊन मेणबत्ती लावतात. आईला हे बघायचंय. गोंडोलाचं नावही तिने काढलेलं नाही.

अडचण गुडघ्यांची आहे. सपाटीवर ती तासभर चालते, पायऱ्या उतरताना मात्र हाल होतात. आणि तिथे चारशेहून जास्त पूल, बहुतेक सगळे पायऱ्यांचे! मोटारी शहराच्या तोंडाशी असलेल्या पियात्साले रोमा चौकापाशीच थांबतात.

पलीकडे मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला हॉटेलं स्वस्त मिळतात, पण दुपारी तिला खोलीवर येऊन पडता यावं म्हणून मी झाट्टेरेच्या धक्क्याजवळ राहायचं बघतोय. ऑक्टोबरअखेर मॅरेथॉन असते, त्यासाठी तिथल्या पुलांवर उतार बसवतात असं वाचलं. ते २१ तारखेपर्यंत असतात का? नसतील तर १ नंबरची वापोरेत्तो, म्हणजे बससारखी फेरीबोट, थेट सालुतेच्या धक्क्याला लागते, पण सणाच्या गर्दीत ज्येष्ठांना बोटीत नीट चढता येतं का? चर्चसमोरच्या पायऱ्या टाळून आत जायची दुसरी वाट आहे का?

दुसरी काळजी भरतीच्या पाण्याची. २०२० पासून खाडीच्या समुद्राकडच्या तोंडांशी मोझे नावाचे पूर अडवणारे दरवाजे उभे करतात हे माहीत आहे, पण ते साधारण ११० सेंटिमीटर भरतीच्या अंदाजाला. सॅन मार्को चौक त्याहून सखल, तिथे आधीच पाणी चढतं. तेव्हा टाकलेल्या फळ्यांवरून गुडघे दुखणाऱ्या माणसाने चालावं का, की सरळ दुसऱ्या दिवशी जावं? चौकातल्या बॅसिलिका चर्चची सोनेरी मोझेइकं चुकवायची नाहीत.

नोव्हेंबरात कुणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, कुठल्या पुलाला किती पायऱ्या इथपर्यंत चालेल. आणि त्या सणाला कास्त्रादिना नावाचा मटण-कोबीचा रस्सा करतात म्हणे, तो सालुतेजवळ कुठे बसून खाता येईल?