किडनी बदललेलं मूल तीन महिन्यांनी कोकणात घरी आणावं, की वर्षभर मुंबईतच ठेवावं? (एका चर्चेतली मतं; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

खाडीकाठ
मुलाची किडनी बदलली की घरच्यांना बहुधा एकच सल्ला मिळतो: वर्षभर मुंबई सोडू नका. देवगड, गुहागर, दापोलीकडच्या घरांना हा सल्ला फार महाग पडतो, आणि माझ्या मते तो अर्धाच बरोबर आहे. पहिले तीन महिने हलू नये, कबूल. त्यानंतर मूल घरी आणावं.

तपासण्यांचा क्रमच बघा. पहिल्या महिन्यात रक्त आठवड्याला दोन-तीनदा काढतात, तिसऱ्या महिन्याअखेरपर्यंत आठवड्याला एकदा, सहाव्यापर्यंत साधारण पंधरवड्याने, पुढे महिन्याने. मूत्रवाहिनीतला स्टेंट (ऑपरेशनच्या वेळी घातलेली बारीक नळी) चार-सहा आठवड्यांत निघतो. म्हणजे नंतर मुंबईत काम उरतं ते पंधरा दिवसांतून एका सकाळचं. बाकी सगळं घरातलंच: बारा-बारा तासांनी टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून द्यायचं औषध), रोजचं बीपी, लघवीचं माप, आणि पाणी. वीस किलोच्या मुलात मोठ्या माणसाची किडनी बसवली की तिला रक्त पुरावं म्हणून दिवसाला दीड-दोन लिटर पाजावं लागतं. तेवढी तहान मुलाला लागत नाही, कोणीतरी मागे लागावं लागतं. भाड्याच्या खोलीत एकटी आई, जी पुष्कळदा स्वतःच किडनी देणारी असते, ती मागे लागणार, की घरी आजी, काकी, चुलत भावंडं?

घाटमाथा
एका सकाळचं काम? बाकीच्या चौदा दिवसांत काय होतं ते सांगा की.

लहान शरीरात मोठी किडनी असली की क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) उशिरा वाढतं. मुलाचं नेहमीचं ०.४ असेल आणि ते ०.६ झालं, तर वाढ दीडपट. पण गावच्या रिपोर्टवर ०.६ पुढे ना तारा, ना ठळक अक्षर, कारण आकडा 'नॉर्मल'मध्ये बसतो. ताप नाही, दुखणं नाही, मूल अंगणात खेळतंय, आणि आत रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, सुरू. ट्रान्सप्लांट सेंटरमध्ये तोच आकडा बघून त्याच दिवशी फोन येतो.

दुसरं, पाऊस. विहिरीचं पाणी गढूळ झालं की जुलाब आलेच. जुलाबात टॅक्रोलिमस कमी शोषलं जाईल असं वाटतं, होतं उलटं. हे औषध अडवणारी आणि मोडणारी यंत्रणा आतड्याच्या अस्तरात असते. अस्तर सोलवटलं की तोच डोस रक्तात जास्त उतरतो. एकीकडे अंगातलं पाणी गेलेलं, दुसरीकडे लेव्हल, म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण, चढलेली. दोन्ही बाजूंनी मार किडनीलाच. अशा वेळी २४ तासांत लेव्हल हवी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली होतं, रेल्वेही बंद होती. त्या दिवशी कुठून आणणार लेव्हल?

लॅबटेबल
घाटमाथा, क्रिएटिनिनचं पटलं, पण त्यावर मुंबईत राहणं हा उपाय नव्हे. लॅब एकच ठेवा आणि तिथे क्रिएटिनिन मोजायची एन्झायमॅटिक पद्धत आहे का ते विचारा. जुन्या जाफे पद्धतीत लहान आकडे फुगून येतात. आज एका लॅबचं ०.४ आणि उद्या दुसरीचं ०.५, यातून काहीच कळत नाही.

नमुन्याचं म्हणाल तर दोन नळ्या, दोन वेगळ्या गोष्टी. टॅक्रोलिमससाठी जांभळ्या बुचाची नळी लागते, तपासणी अख्ख्या रक्तावर होते. हे रक्त फ्रीजच्या तापमानाला काही दिवस टिकतं, त्यामुळे आइसपॅक घालून कुडाळहून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलं तरी चालतं. फक्त गोठवू नका. पोटॅशियमचं मात्र असं नाही. रक्त तसंच पडून राहिलं की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि रिपोर्ट खोटाच चढा येतो. ते गावातच, तास-दोन तासांत सीरम (पेशी काढून उरलेलं पाणी) वेगळं करून करायचं.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: सकाळचा डोस देऊन मग लॅबमध्ये येतात. लेव्हल आदल्या रात्रीच्या डोसानंतर बारा तासांनी, सकाळच्या डोसाआधी काढायची असते. रात्री आठला गोळी तर सकाळी आठला सुई, मग गोळी. पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक ठिकाणी मिलिलिटरमागे ८ ते १२ नॅनोग्रॅमचं लक्ष्य धरतात. गोळी खाऊन आलेल्या मुलाची लेव्हल २० दिसली आणि कोणी त्यावरून डोस कमी केला, तर रिजेक्शन आपण हाताने ओढवलं.

घाटमाथा
रात्रीच्या गाडीने नमुना गेला, सकाळी पोचला, रिपोर्ट संध्याकाळी. साध्या दिवसाचं गणित आहे हे. पावसाळी वेळापत्रकात आणि घाटात दरड आल्यावरचं नाही.

मेडिकलवाली
तुमचं अंतरावर चाललंय. मला भीती बाजारपेठेतल्या दवाखान्याची आणि परसातल्या झाडाची. पावसाळ्यात नायटा झाला की सर्रास फ्लुकोनाझोल. खोकल्यावर क्लॅरिथ्रोमायसिन. दोन्हींनी टॅक्रोलिमसची लेव्हल उसळते. तापावर आयबुप्रोफेनचं सिरप, ते तर किडनीवर थेट घाव. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही कळवून, कारण १००.४ च्या वर ताप म्हणजे त्याच दिवशी तपासणी. उलट क्षयाचं रिफाम्पिसिन लेव्हल पार खाली आणतं.

घरातलं: पपनस बंद. फोडीसुद्धा नाही, तेही लेव्हल चढवतं. शहाळं पौष्टिक म्हणून रोज देतात, पण एका शहाळ्यात ५००-६०० मिलिग्रॅम पोटॅशियम सहज जातं, आणि टॅक्रोलिमस व कोट्रायमोक्साझोल (संसर्ग टाळायला दिलं जाणारं औषध) दोन्ही पोटॅशियम अडवून धरतात. आकडा बघितल्याशिवाय शहाळं नको. पाणी खळखळ उकळूनच. नुसत्या क्लोरीनने क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा जंतू मरत नाही. कालवं, तिसऱ्या असले शिंपले पूर्ण शिजवून.

तळकोकणी
ह्या सगळा बरोबर. पण मुंबयत वर्षभर ऱ्हवाचो खर्च कोण भागवतलो? बापाशीची मजुरी गेली की पयली बंद होता ती औषधांची खरेदी. गोळी चुकली की किडनी जाता, मगे ती मुंबयत ऱ्हवान चुकूंदे नायतर गावात.

खाडीकाठ
मेडिकलवाली, तुमच्या यादीतली एकही गोष्ट मुंबईत आपोआप टळत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन तिथेही कोपऱ्यावर मिळतं. उलट गावात डॉक्टर एक किंवा दोन, त्यांना पत्र देता येतं: औषधांची नावं, नेहमीचं क्रिएटिनिन, काय द्यायचं नाही, सेंटरचा रात्रीचा नंबर.

पावसाबद्दल मात्र घाटमाथा यांचं ऐकतो आणि माझं म्हणणं बदलतो. तीन महिने मोजायचे ते कॅलेंडर बघून. ऑपरेशन मार्चमध्ये झालं तर तीन महिने नेमके जूनमध्ये संपतात, अशा मुलाला दसऱ्यानंतरच आणावं. ऑक्टोबरमध्ये झालं तर जानेवारीत खुशाल आणा.

घाटमाथा
जानेवारीत आणलेल्या मुलाचा पहिला पावसाळा आठव्या महिन्यात येतो. लेप्टोला (उंदरांच्या लघवीतून साचल्या पाण्यात पसरणारा ताप) महिने मोजता येत नाहीत. शेताच्या बांधावरून अनवाणी शाळेत जाणारं मूल ते मूलच. जून ते सप्टेंबर सेंटरच्या तीन तासांच्या आत राहावं, ही माझी अट पहिल्या वर्षापुरती कायम. मुंबई नको तर पनवेल घ्या, भाडं तरी कमी.

मेडिकलवाली
कुठेही राहा, मे संपायच्या आत सहा आठवड्यांच्या गोळ्या घरात हव्यात, आणि त्या एकाच कंपनीच्या. टॅक्रोलिमसची कंपनी बदलली की लेव्हल पुन्हा करावी लागते, आणि गावात नेमकी 'तीच आहे, फक्त नाव वेगळं' म्हणून दुसरी हातात पडते. किनाऱ्याच्या दमट हवेत कॅप्सूल ॲल्युमिनियमच्या पाकिटातच ठेवा. आठवड्याच्या प्लास्टिक डबीत काढून ठेवल्या की ओल धरते. उलटी झाली तर: गोळीनंतर अर्ध्या तासाच्या आत असेल तर बहुतेक ठिकाणी पूर्ण डोस पुन्हा द्यायला सांगतात, तासानंतर असेल तर नाही. मधल्या अर्ध्या तासाचं प्रत्येक सेंटरचं वेगळं असतं, ते घरी निघण्याआधीच पत्रावर लिहून घ्या.