कोप्रिवश्तित्सा: मुक्काम करावा की सोफियाहून जाऊन-येऊन उरकावं?

वाटसरू_पुणे
२०२५ च्या १ जानेवारीपासून बल्गेरिया पूर्णपणे शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात) आला आणि आपली मंडळी सोफियाकडे वळू लागली. बहुतेकांच्या बेतात कोप्रिवश्तित्साला मिळतो जेमतेम अर्धा दिवस. स्रेद्ना गोरा डोंगरात, हजार मीटरहून उंचावर वसलेलं हे गाव इतक्या घाईत बघायचं असेल तर जाऊच नका, असं माझं मत आहे. ओस्लेकोव्ह, ल्युतोव्ह, काब्लेश्कोव्ह अशी सहा घरं संग्रहालयं म्हणून उघडी आहेत. त्यातली काही सोमवारी बंद, तर काही मंगळवारी. निदान एक रात्र तरी राहा.

सडेतोड
राहून करायचं काय? तिसऱ्या घरानंतर रंगवलेल्या भिंती आणि कोरीव छतं सारखीच दिसायला लागतात. ल्युतोव्ह घर तर १८५४ साली प्लोव्दिव शहरातल्याच कारागिरांनी बांधलं. मग प्लोव्दिवलाच का जाऊ नये? तिथे अशीच घरं आहेत, वर रोमन नाट्यगृहही आहे. इकडे रेल्वे स्टेशनच गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब! हे कुणी आधी सांगत नाही.

बखरवाचक
सडेतोड, घरं सारखी असतील, पण ती आजवर टिकली का हे बघा ना. ऑटोमन तुर्की सत्तेविरुद्धच्या १८७६ च्या एप्रिल उठावाची पहिली गोळी इथल्या छोट्या दगडी पुलाजवळ झाडली गेली. उठावाचा इथला नेता काब्लेश्कोव्ह याने शेजारच्या पानाग्युरिश्ते गावाला उठाव सुरू झाल्याचं कळवणारं ‘रक्ताचं पत्र’ पाठवलं, ते सगळ्यांना माहीत असतं. पुढे उठाव चिरडताना पानाग्युरिश्ते जळलं, बाताक गावात कत्तल झाली, कोप्रिवश्तित्सा मात्र वाचलं. कारण गावातल्या धनिकांनी पैसे चारून सैन्याला थोपवलं. अर्ध्या दिवसाच्या फेरीत गाइड पुलापाशी फोटो काढायला लावतो आणि हा भाग गाळतो. माझ्या मते गावाचा खरा इतिहास तिथेच आहे.

माळकरी
पैसेवाल्यांना इतक्या लवकर देव्हाऱ्यात बसवू नका, बखरवाचक! सुलतानासाठी मेंढ्यांवरचा कर गोळा करण्याचे मक्तेही याच गावातल्या श्रीमंतांकडे होते. तो पैसा कुठून आला हेही सांगा की.

बखरवाचक
सांगतो. पण मग काब्लेश्कोव्हला कुठे बसवणार? तोही खात्यापित्या घरचाच. पंचविशीत पकडला गेला आणि गाब्रोव्होत कैदेत त्याने स्वतःला गोळी घातली. ओस्लेकोव्हही धनाढ्य व्यापारी होता. उठावाला हात दिला म्हणून जीव गमावून बसला. एकीकडे श्रीमंत आणि दुसरीकडे क्रांतिकारक, अशी सरळ फाळणी इथे होत नाही.

वाटसरू_पुणे
आणि उठाव बाजूला ठेवला तरी देबेल्यानोव्ह आहेच. १९१६ साली आघाडीवर मारला गेलेला कवी. चर्चच्या आवारात त्याच्या कबरीवर मुलाची वाट बघत बसलेल्या आईचा पुतळा आहे. बसचं वेळापत्रक हातात धरून तो बघता येत नाही.

सडेतोड
येतो हो, वीस मिनिटांत येतो! काब्लेश्कोव्हचं सांगितलंत ते मात्र आवडलं. पण आठवड्याभराची रजा आणि सोबत आई-वडील, मग खडबडीत गोट्यांच्या रस्त्यांवर त्यांचे गुडघे कोण सांभाळणार? गाडी ठरवा, सोफिया-प्लोव्दिवची वाट जरा वाकडी करून चार तास इथे उतरा, दोन घरं बघा आणि रात्री प्लोव्दिवला झोपा. रीलावाल्या मठासाठीही एक दिवस लागतोच की.

माळकरी
गुडघ्यांचा मुद्दा मान्य. पण त्या दोन घरांत काब्लेश्कोव्हचं घ्याच. ल्युतोव्ह सोडलं तरी चालेल.