होल्डेममध्ये मधली पाच पानं वाचायची कशी?

तापीकाठ, चोपडा
आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्याकडे तीन पत्तीच चालते, त्यामुळे ट्रेल (तीन सारखी), सिक्वेन्स (ओळीने लागलेली), कलर (एकाच रंगाची, जसं सगळी बदाम) तोंडपाठ. होल्डेममध्ये (पोकरचा प्रकार: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधली पाच सगळ्यांची, सातातून भारी पाच धरायची) मात्र मधे पाच पानं उघडली की गोंधळ होतो. आधी हातातली दोन बघायची की मधली? आणि कलर लागूनही डाव जातो तो कसा?

केळीबाग, रावेर
भाऊ, आधी तीन पत्तीची उतरंड डोक्यातून काढा. इथे कलर सिक्वेन्सच्या वर आणि ट्रेल सिक्वेन्सच्या खाली. ट्रेल अधिक जोडी म्हणजे फुल हाउस, ते कलरच्या वर. चार सारखी त्याच्याही वर. एक्का-दुर्री-तिर्री तिकडे भारी, इथे एक्का ते पंजी ही सगळ्यात हलकी सिक्वेन्स. इस्पिक-किलवर असा भेद नाही, सारखं आलं की पैसे वाटून.

आता हातातली पानं विसरा, मधलीच बघा. एका रंगाची तीन नसतील तर कुणाचाच कलर नाही. जोडी नसेल तर फुल हाउस आणि चार सारखी दोन्ही बाद. सिक्वेन्सला पंजी किंवा दश्शी लागतेच; ती मधे नसेल तर कुणाच्या तरी हातात हवी.

समजा मधे बदाम राजा, बदाम नव्वी, इस्पिक अठ्ठी, चौकट नव्वी, बदाम दुर्री. तुमच्याकडे बदाम एक्का-सत्ती, म्हणजे सगळ्यात मोठा कलर. पण नव्वीची जोडी पडलीय ना! राजा-नव्वी, नव्वी-अठ्ठी किंवा नुसती अठ्ठीची जोडी धरलेला फुल हाउस करून बसलाय. दोन नव्व्या हातात असतील तर चार सारखी, त्याच्या पुढे काहीच नाही. कलर जातो तो असा.

भरीतपार्टी, यावल
दोन जोड्यांचंही तेच. हातात अठ्ठी-पंजी, मधे राजा, अठ्ठी, पंजी, दुर्री, शेवटचं पान यायचंय. समोर एक्क्यांची जोडी. तुम्ही पुढे आहात, पण उरलेल्या ४४ पानांत ८ तुम्हाला मारतात: २ एक्के, ३ राजे, ३ दुर्र्या. राजा आला की तुमच्या पंज्या फुकट, त्याचे एक्के-राजे वर.

तापीकाठ, चोपडा
मधे एक्का, राजा, गुलाम, नव्वी, चव्वी. माझ्याकडे एक्का-तिर्री, समोर एक्का-दुर्री. तिर्री मोठी ना?

केळीबाग, रावेर
नाही भो. सातातली पाचच मोजायची. दोघांचंही एक्का-एक्का-राजा-गुलाम-नव्वी, म्हणून अर्धं-अर्धं. तिर्री मोजणीतच येत नाही.

सराव घरच्या कॅटवर करा. पाच पानं उलगडा, दहा सेकंदांत सगळ्यात भारी हात कोणता ते बोला, मग दुसरा, तिसरा. रोज वीस वेळा. पैसे लावायची गरज नाही, आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आहे.

भरीतपार्टी, यावल
आणि पानं एकदम पाच नको, आधी तीन, मग एक, मग एक. प्रत्येक वेळी भारी हात बदलला का ते बघा. चौथ्या पानाला जोडी पडली की तिथेच बहुतेक जण चुकतात.