गिझर लावला की ईएलसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा खटका) पडतो, गिझर मात्र नवा आहे. करंटची गळती शोधायची कुठे?

लालबागकर
जुनी इमारत, तिसरा मजला, वन बीएचके. डीबीत (घरातल्या खटक्यांच्या पेटीत) ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (त्यावर आरसीसीबी असं छापलंय) आणि पुढे चार एमसीबी (प्रत्येक सर्किटचा वेगळा खटका): हॉल, किचन, गिझर, बेडरूम. पाऊस लागल्यापासून २००० वॉटचा गिझर चालू केला की त्याच क्षणी ईएलसीबी पडतो. आधी कॉइल बदलली, मग गिझरच नवा आणला, तरी तेच. फ्रिज, पंखे, दिवे दिवसभर चालतात. बेडरूमच्या भिंतीला ओल आहे म्हणून तो एमसीबी कायम खाली ठेवलाय, त्याने काही फरक पडला नाही. एमसीबी एकही पडत नाही. वायरमन म्हणतो ईएलसीबी खराब आहे, काढून थेट जोडू. काय करावं?

ओहमचा_नियम
काढू नका. तुमच्या वर्णनावरून तो त्याचं काम चोख करतोय.

एमसीबी करंट किती वाहतो ते बघतो. जास्त भार बराच वेळ राहिला तर आतली पट्टी तापून वाकते, शॉर्ट झाला तर कॉइल तत्क्षणी खटका पाडते. सी प्रकारच्या १६ अँपिअरच्या एमसीबीची कॉइल ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान काम करते. ३० मिलिअँपिअरची गळती त्याला कळणारच नाही.

ईएलसीबी फक्त फरक बघतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आतल्या एका चुंबकीय कड्यातून जातात. गेला तेवढा करंट परत आला तर दोघांचा परिणाम एकमेकांना खोडून काढतो, मग भार १ अँपिअरचा असो की २० चा. परतीचा थोडा करंट न्यूट्रल सोडून भिंतीतून किंवा अर्थिंगमधून गेला तर हिशेब जुळत नाही आणि तो पडतो. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो, तो दोष नव्हे.

आता मुद्दा. घरगुती डीबीतला साधा एमसीबी एकपोली असतो, म्हणजे फक्त फेज तोडतो. बेडरूमचा एमसीबी खाली असला तरी तिथली न्यूट्रल तार न्यूट्रल लिंकवर (डीबीत सगळ्या न्यूट्रल तारा एकत्र येतात त्या पट्टीवर) जोडलेलीच आहे. ती ओल्या भिंतीत अर्थला टेकत असेल तर घरातल्या कुठल्याही भाराचा थोडा करंट त्या वाटेने निसटेल. फेज टेस्टर तिथे पेटणार नाही, म्हणून वायरमनला ती खोली निर्दोष वाटते.

आकडे घालून बघा. गिझर: २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर. ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या न्यूट्रलचा रोध ०.२ ओम धरला तर तुमच्या न्यूट्रल लिंकवर १.७ व्होल्ट येतात. बिघाडाची जागा आणि अर्थिंग मिळून ४० ओम धरले तर १.७ ÷ ४० = सुमारे ४३ मिलिअँपिअर. ईएलसीबी पडला. फ्रिज-पंख्यांचा भार १ अँपिअर असेल तर ०.२ व्होल्ट, म्हणजे ५ मिलिअँपिअर. तगला. गिझर हा गुन्हेगार नाही, तो घरातला सगळ्यात मोठा भार आहे एवढंच. (शेजाऱ्यांचा भारही त्याच सामाईक न्यूट्रलवर असतो, त्यामुळे असा बिघाड असताना कधीकधी घरात काहीही चालू नसताना ईएलसीबी पडतो.)

परळचा_पाहुणा
३० ऐवजी १०० मिलिअँपिअरचा बसवला तर? पडणं थांबेल ना?

तारजोडणी
थांबेल, आणि संरक्षणही जाईल. १०० आणि ३०० चे ईएलसीबी आग टाळण्यासाठी असतात, माणसासाठी ३० चाच. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि पकडलेली तार सुटत नाही. ३० च्या वर करंट टिकून राहिला तर हृदयाला धोका. ओल्या अंगाचा रोध १००० ओम धरला तरी २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतात, आणि ६ अँपिअरचा एमसीबी जागेवरच राहतो.

लालबागकर, आधी स्क्रूड्रायव्हर न लावता होणारी तपासणी करा. गिझरचा प्लग काढून ठेवा. हॉलमध्ये इस्त्री आणि किचनमध्ये केटल, दोन्ही एकदम चालू करा. तरीही पडला तर गिझर सुटला.

पुढचं काम परवानाधारक वायरमनकडूनच. ईएलसीबी खाली केला तरी मीटरकडून येणारी टोकं जिवंतच असतात, म्हणून मीटर रूममधला मेन बंद करून, टेस्ट लॅम्पने खात्री करून मगच डीबी उघडायचा. सगळे प्लग काढायचे. न्यूट्रल लिंकवरच्या तारा एकेक करून सोडवायच्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी लावायची, नाहीतर जोडताना गोंधळ होतो. मग प्रत्येक न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मोजायचं. मल्टिमीटरला काही ओम किंवा किलोओम दिसले तर सर्किट सापडलं. मात्र मल्टिमीटर दोन-चार व्होल्टवरच मोजतो, त्यामुळे नुसत्या ओलीची गळती त्याला चुकते. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर (तारेच्या आवरणाचा रोध मोजायचं यंत्र), आणि त्याआधी एलईडी दिवे व पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सोडवलेच पाहिजेत, नाहीतर जळतील. किमान १ मेगाओम यायला हवा.

लालबागकर
प्लग काढून पाहिलं. इस्त्री एकटी चालते. इस्त्री आणि १५०० वॉटची केटल एकदम लावली की पडतो. न्यूट्रल ते अर्थ: बेडरूम ४७ ओम, बाकी तिन्ही सर्किट मेगरवर १ मेगाओमच्या वर. बेडरूमची न्यूट्रल लिंकवरून सोडवून बाजूला बंद करून ठेवली, गिझर अर्धा तास चालला.

तारजोडणी
सापडलं. आता बेडरूमच्या जंक्शन बॉक्सवर न्यूट्रल तोडून दोन्ही बाजू वेगळ्या मोजायला सांगा. जी बाजू ४७ दाखवेल तिकडचे बोर्ड उघडायचे. पहिला संशय ओलीच्या बाजूच्या लोखंडी बॉक्सवर: प्लेटचा स्क्रू तारेत घुसलेला असतो किंवा गंजलेल्या कडेने आवरण कापलेलं असतं. टेप गुंडाळून सोडू नका, ओल्या भिंतीत ती पुढच्या पावसापर्यंतही टिकत नाही. पाइपमधून फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही नव्या ओढायच्या, दिव्यांना १.५ आणि प्लगला २.५ चौरस मिलिमीटर. गळकी भिंत आधी दुरुस्त होणार नसेल तर ती वाट सोडून कोरड्या भिंतीवरून पट्टी फिटिंग करा.

ओहमचा_नियम
एक भर. जोडून झाल्यावर प्लास्टर करण्याआधी पुन्हा मेगर करून घ्या. ईएलसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, पण त्याने फक्त ईएलसीबी तपासला जातो. अर्थिंग तुटलेली असली तरी बटणाने तो पडतोच. प्रत्येक प्लगच्या अर्थ पिनपासून डीबीच्या अर्थपर्यंतची सलगता वेगळी मोजायला सांगा, गिझरच्या प्लगची सगळ्यात आधी.