मदत हवी आहे: शर्यतीत एस्टीमचे ब्रेक पेडल अचानक खाली जाते

तेराशे_सीसी: गेल्या रविवारी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर हौशी चालकांच्या क्लब शर्यतींत मी माझी मारुती एस्टीम उतरवली होती आणि तो अख्खा दिवस ब्रेकमुळे वाया गेला. सकाळच्या पात्रता सत्रात, तिसऱ्या फेरीला मुख्य सरळ रस्त्याच्या शेवटी पहिल्या वळणासाठी ब्रेक दाबला, तेव्हा पेडल जवळजवळ तळाला टेकले आणि गाडी रस्ता सोडून बाहेर गेली. पिटमध्ये चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढली, तरी पहिल्या शर्यतीच्या दुसऱ्याच फेरीत पुन्हा तेच झाले. दुपारी सगळे ब्रेक ऑइल बदलले. दुसऱ्या शर्यतीत मात्र पुढच्या गाडीवर आदळण्याची धास्ती वाटू लागल्यामुळे चार फेऱ्यांनंतर मी स्वतःच गाडी आत घेतली. पुण्याहून सुमारे १,२०० किलोमीटर ट्रेलरवर गाडी न्यायची आणि एकही शर्यत पुरी करायची नाही, याचा फार मनस्ताप झाला आहे. पुढची शर्यत तीन आठवड्यांवर आली आहे. कोणते ब्रेक ऑइल घ्यावे, एवढेच कृपया नक्की सांगावे. बाकी गाडी उत्तम आहे.

ऑइलवाला_काका: डॉट ३ किंवा साधे डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल वापरले असेल, तर उत्तर तिथेच आहे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शिरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जाते. ३०० अंशांच्या वर टिकणारे रेसिंगचे ऑइल घ्या आणि प्रत्येक शर्यतीआधी बदला. मी स्वतः अनेक वर्षे हेच करत आलो आहे.

कोल्हापूरचा_मेकॅनिक: काका, आधी थोडी माहिती घेऊ या. पेडल खाली गेल्यावर लगेच दुसऱ्यांदा दाबले, तर ते वर येत होते का? ते स्पंजासारखे मऊ लागत होते की नुसतेच लांब जात होते? पॅड कोणते आहेत? आणि शर्यतीपूर्वी पुढच्या चाकांचे काही काम केले होते का?

नवा_चालक_नाशिक: मलाही पुढच्या वर्षी अशा शर्यतींत भाग घ्यायचा आहे. त्यासाठी एफएमएससीआयचा (भारतातील मोटार शर्यतींच्या नियामक संस्थेचा) परवाना लागतो असे कळले. त्याची वैद्यकीय तपासणी कोठे होते, हे येथे कोणी सांगू शकेल का?

ड्रमप्रेमी: एस्टीमला मागे ड्रम ब्रेक आहेत, हे सगळे विसरतात. मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे अस्तर) झिजले आणि आपोआप जुळणारी यंत्रणा अडकली की लायनर ड्रमपर्यंत पोचण्यातच पेडलचा बराचसा प्रवास खर्च होतो. माझ्या गाडीचे पेडल केवळ मागचे अ‍ॅडजस्टमेंट करून दोन बोटे वर आले होते. शिवाय गरम गाडी पिटमध्ये उभी करताना हँडब्रेक ओढू नका, ड्रम थंड होताना वेडावाकडा होऊ शकतो.

तेराशे_सीसी: मी ऑइल विचारले आहे आणि उत्तरे परवान्यापासून ड्रमपर्यंत येत आहेत. डॉट ४ च आहे, दुपारी सीलबंद डबा फोडून भरले होते. मागचे अ‍ॅडजस्टमेंट निघण्यापूर्वी केलेले आहे. दुसऱ्यांदा दाबल्यावर पेडल पूर्ण वर येत होते आणि घट्टही लागत होते. पिटमध्ये उभ्या गाडीत तर दोष अजिबात दिसत नव्हता, म्हणूनच प्रत्येक वेळी मी हवा निघाली असे समजून पुन्हा ट्रॅकवर गेलो.

ऑइलवाला_काका: थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा द्रव होते, म्हणून उभ्या गाडीत दोष दिसत नाही. माझे मत कायम आहे.

कोल्हापूरचा_मेकॅनिक: काका, सीलबंद डब्यातले ऑइल दोन-चार फेऱ्यांत उकळणे मला पटत नाही. उकळले असते तर पेडल मऊ झाले असते आणि दुसऱ्या दाबाला लगेच घट्ट झाले नसते. पॅड तापून निकामी झाले असते, तर पेडल कडकच राहिले असते आणि गाडी मात्र थांबली नसती. येथे पहिला दाब फुकट जातो आणि दुसरा लागतो, याचा अर्थ पॅड डिस्कपासून (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीपासून) मागे ढकलले जात आहेत. चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ (ढिलेपणा) असेल, तर वळणात हब, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसते तो भाग, तिरपा होतो, डिस्क तिरपी होते आणि पॅड दाबणाऱ्या पिस्टनला कॅलिपरमध्ये (त्याच्या घरात) मागे रेटते. शेवटच्या वळणातून बाहेर पडल्यावर संपूर्ण सरळ रस्ता आपण ब्रेकला पाय लावत नाही, त्यामुळे तो मागे गेलेला पिस्टन पहिल्या वळणाशीच उघडकीस येतो. माझा शेवटचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

तेराशे_सीसी: पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंग शर्यतीच्या आठ दिवस आधी एका गॅरेजमध्ये बदलून घेतली होती. नवी असल्यामुळे त्यांच्याबद्दल शंकाच आली नाही, म्हणून लिहिले नव्हते.

पोलोस्वार: एस्टीमचे उत्पादन २००७ मध्येच थांबले. इतक्या जुन्या गाडीवर खर्च करत राहण्यापेक्षा पोलो घ्यावी, तिचे ब्रेक फार चांगले आहेत.

शोलावरमचा_प्रेक्षक: पोलोचा प्रश्न कोणी विचारलेला नाही. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमान धावपट्टीवर शर्यती होत असत तेव्हापासून मी पाहत आलो आहे. आजच्यापेक्षा कितीतरी साध्या गाड्या तेथे दिवसभर धावत, कारण त्यांचे मालक रात्री जागून प्रत्येक बेअरिंग हाताने तपासत.

कोल्हापूरचा_मेकॅनिक: जॅक लावून चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला, तर दोष बेअरिंगचा. तरीही राहिला, तर बॉल जॉइंट किंवा टाय रॉड पाहा. प्रेसवर बेअरिंग बसवताना बाहेरच्या रिंगऐवजी आतल्या रिंगवर जोर दिला, तर गोळ्यांच्या खोबणीत खड्डे पडतात आणि नवे बेअरिंगही थोड्याच दिवसांत ढिले होते. एक्सल नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) घट्ट केला होता का, हेही विचारा.

तेराशे_सीसी: आज सकाळी भावाला मदतीला घेऊन तपासले. उजवे चाक ठीक आहे. डावे चाक हलवले की टक् असा आवाज येतो आणि भावाने ब्रेक दाबताच तो पूर्ण थांबतो. नटाविषयी गॅरेजमध्ये फोन केला, तेव्हा तो अंदाजानेच आवळला होता असे सांगण्यात आले. मेकॅनिकसाहेब, मनापासून आभार, आणि मघाशी चिडून लिहिल्याबद्दल सर्वांची क्षमा मागतो. आता नट योग्य टॉर्कने आवळून पाहावा, की सरळ बेअरिंग बदलावे?

कोल्हापूरचा_मेकॅनिक: बदलाच. ढिल्या नटावर ते तीन सत्रे धावले आहे, आता आवळून उपयोग नाही. उजवेही बदला, कारण ते त्याच हातांनी बसवले आहे. डिस्क बसते ती हबची बाजू वाकडी नाही ना, हे डायल गेजने तपासून घ्या.

ऑइलवाला_काका: बेअरिंग अवश्य बदला. नकल (बेअरिंग ज्यात बसते तो भाग) सुटेल तेव्हा कॅलिपर हातात असेलच, तर ऑइलही बदलून टाका.