विषय: कोथरूडला आईच्या फ्रिजमध्ये भाजी गोठतेय, सेन्सर की कार्ड?

नमस्कार मंडळी,
पुण्यात आई-बाबांकडे डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रिज आहे, सध्या खालच्या कप्प्यात कोथिंबीर काळी पडतेय, दुधाच्या पिशवीत बर्फाचे खडे होतायत आणि कॉम्प्रेसर बंदच होत नाहीये. मेकॅनिक येऊन गेला, सेन्सर मीटरवर बघून म्हणाला हा ओके आहे, कार्ड (फ्रिज चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदलावं लागेल, आणि कार्डाचा आकडा ऐकून आई गप्पच झाली. बाबांचं इन्सुलिन पण त्यातच असतं. कोणाला यातलं माहीत असेल तर प्लीज सांगा, कार्डाला हो म्हणू का?

---

अगं, आधी इन्सुलिन. ते आजच्या आज बाहेर काढायला सांग. 2 ते 8 डिग्रीत ठेवायची वस्तू आहे ती, एकदा गोठलं की कामातून गेलं, वितळल्यावर दिसायला अगदी तसंच दिसलं तरी ते घ्यायचं नाही. जराही शंका असेल तर नवीन आणा आणि फ्रिज नीट होईपर्यंत ते शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये ठेवा, मागच्या भिंतीला न टेकवता.

आता फ्रिज. मी पुण्यात बरीच वर्षं हेच काम केलंय म्हणून सांगतो, कार्डाला एवढ्यात हो म्हणू नका. आतला सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, गार होईल तसा त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि कार्ड तेवढंच बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करतं. वर्षानुवर्षं दमटपणात राहून त्याच्या टोपीत ओल शिरते, मग त्या ओलीतून थोडा करंट गळतो आणि रेझिस्टन्स आहे त्यापेक्षा कमी दिसतो. कार्डाला वाटतं आत अजून गरम आहे, ते बिचारं कॉम्प्रेसर चालवतच राहतं, म्हणून कोथिंबीर काळी. गंमत म्हणजे खोलीच्या तापमानाला सेन्सरचा स्वतःचाच रेझिस्टन्स कमी असतो, त्यात ही गळती कळत नाही, मीटरवर जवळजवळ बरोबर आकडा येतो. गार केल्यावरच खरं काय ते बाहेर पडतं. तुमच्या मेकॅनिकने बहुतेक नुसता खोलीत मोजला असणार.

म्हणून फ्रिजचा प्लग काढून, कनेक्टर सुटा करून, सेन्सर ग्लासापर्यंत नीट पोहोचत असेल तर ग्लासभर बारीक बर्फ आणि त्यात थोडंसं पाणी, असं ढवळून त्यात पाच मिनिटं बुडवायचा. ते पाणी शून्य डिग्री धरायचं. 25 डिग्रीला 5 के (म्हणजे किलोओहम) वाला असेल तर शून्याला 13 ते 16 के यायला हवा, 10 के वाला असेल तर 27 ते 33. त्याच्या बराच खाली आला, किंवा आकडा नुसता हलत राहिला, तर सेन्सरच गेलाय.

---

काका, आईच्या बिल्डिंगमधला डिप्लोमा करणारा मुलगा मीटर घेऊन आला होता. खोलीत 4.2 के, बर्फात 9 च्या आसपास आणि तोही सारखा खाली सरकत होता. इन्सुलिन नवीन आणलंय.

---

मग हाच तो. 5 के वाला आहे आणि 9 म्हणजे कार्डाला आत दहा-बारा डिग्री दिसतायत, आत प्रत्यक्षात बर्फ असताना. जुना सेन्सर हातात घेऊनच त्या मुलाला तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाचा बाजार) जाऊ दे, नुसता "फ्रिजचा सेन्सर द्या" म्हटलं तर दुकानदार 10 के वाला पण देतील, दिसायला सारखेच असतात. वायरीचा सांधा क्रिम्प करून (म्हणजे कनेक्टरमध्ये दाबून) त्यावर श्रिंक ट्यूब आणि सिलिकॉन, नाहीतर तिथूनच परत ओल शिरेल. आणि फ्रिजच्या आत सोल्डरिंग करू देऊ नका, मागच्या प्लेटवर आर600ए लिहिलं असेल तर तो गॅस पेट घेणारा आहे. बर्फ सुरी-पेचकसाने खरवडायचा नाही, दार उघडं ठेवून आपोआप वितळू द्यायचा.

नवीन बसवल्यावर दिवसभराने ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवून बघा, 3-4 डिग्री हवं आणि कॉम्प्रेसर मधून मधून बंद झाल्याचं ऐकू यायला हवं. बंद होतोय पण खालचं अजून गोठतंय असं असेल तर वरून गार हवा सोडणारा डँपर उघडा अडकलाय का ते बघायला सांग, कार्डाचं नाव त्याच्यानंतर.