कॅलिफोर्निया: हायस्कूलनंतर थेट यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), की आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज?

हिशेबी_फ्रीमाँट: कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आपल्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘मार्क कमी पडले वाटतं!’ आकडे मात्र बघा. राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे (युनिट म्हणजे अभ्यासक्रमाचं श्रेयांक-माप) ४६ डॉलर. ट्रान्स्फरला, म्हणजे तिथून यूसीच्या तिसऱ्या वर्षात जायला, सेमिस्टरचे ६० युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांचे मिळून २,७६० डॉलर. पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या पूर्णवेळ मुलांना बऱ्याच कॉलेजांत तेही माफ. वर ‘टॅग’ (ट्रान्स्फर प्रवेशाची हमी) आहेच: यूसीच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ यांपैकी एका ठिकाणी लेखी हमी. पदवीवर नाव यूसीचंच येतं. मग पहिल्या दोन वर्षांची खोली आणि मेसचे पैसे भरायचेच कशाला?

गोलेटा_काकू: हमी, पण कशाची? बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो या यादीतच नाहीत. सांता बार्बराच्या इंजिनिअरिंगला टॅग चालत नाही. आणि आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना इंजिनिअरिंगच हवं असतं! टॅगचा अर्ज फक्त १ ते ३० सप्टेंबर भरता येतो, तोही एकाच कॅम्पसला. तो भरला म्हणजे झालं असं समजून यूसीचा मूळ अर्ज राहून गेला, तर हमी बाद.

पायरी_पायरीने: दोघंही मूळ दुखण्यावर बोट ठेवत नाही आहात. इंजिनिअरिंगवाल्यांचं अडतं ते गणित-फिजिक्सच्या साखळीत. कॅल्क्युलस १ शिवाय मेकॅनिक्स नाही, मेकॅनिक्सशिवाय इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम नाही. पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलस १ घेतलं, तर चौथ्या सेमिस्टरच्या अखेरीस सगळं जेमतेम बसतं. प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात केली, किंवा फिजिक्सच्या एकुलत्या एका वर्गात वेटलिस्टवर राहिलात, की एक सेमिस्टर गेलं. पण बहुतेक कॅम्पस ट्रान्स्फर फॉललाच (शरद ऋतूतल्या सत्रात) घेतात, म्हणून त्या एका सेमिस्टरचं अख्खं वर्ष होतं. दोनाची तीन वर्षं होतात ती अशी.

उपाय: आधी ‘असिस्ट’ या साइटवर आपलं कॉलेज, हवा तो कॅम्पस आणि मेजर (मुख्य विषय) निवडून, ट्रान्स्फरला कोणते कोर्स लागतात त्याचा तक्ता काढा. दोन-तीन कॅम्पसचे तक्ते शेजारी ठेवा, मागण्या सारख्या नसतात. मग ओरिएंटेशन आणि समुपदेशकाकडून एज्युकेशन प्लॅन लगेच उरका. वर्गांच्या नोंदणीची तारीख लवकरची मिळते, आणि फिजिक्सची जागा त्या तारखेवरच ठरते.

हिशेबी_फ्रीमाँट: साखळीचं मान्य. पण अर्थशास्त्र, मानसशास्त्र, इतिहासवाल्यांना ही कटकट नाही. त्यांनी थेट यूसीचे पैसे का भरावेत?

गोलेटा_काकू: कारण तिसऱ्या वर्षी गेल्यावर जीपीए (ग्रेडची सरासरी) कोरा असतो! कम्युनिटी कॉलेजचे युनिट धरतात, तिथले ग्रेड यूसीच्या जीपीएत येत नाहीत. इंटर्नशिपच्या मुलाखती फॉललाच सुरू होतात. बरोबरीच्या मुलांकडे दोन वर्षांचा जीपीए आणि ओळखीचे प्राध्यापक, तुमच्याकडे जेमतेम लायब्ररीचा रस्ता.

एच_फोर_पालक: आमच्यासारख्यांचं, म्हणजे मुलं एच-फोरवर (एच-वन-बी व्हिसाधारकाच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्यांचं कसं?

पायरी_पायरीने: एच-फोरवर केंद्राची आर्थिक मदत मिळत नाही. राज्यातलं वर्षभराचं वास्तव्य कागदांनी सिद्ध करा, तर ४६ चा दर. नाहीतर अनिवासी फी, युनिटमागे तीन-चारशे डॉलरच्या घरात. एकविसाव्या वाढदिवसाला एच-फोर संपतो आणि बहुतेकांना एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसावर) जावं लागतं. साखळी लांबून तिसरं वर्ष लागलं, तर हा बदल ऐन ट्रान्स्फरच्या धामधुमीत येतो. तेव्हा तक्त्यात सेमिस्टरच्या शेजारी मुलाची जन्मतारीखही लिहून ठेवा.